दीड इंच माया

चरईतल्या माझ्या दुकानात
मापांच्या बावीस वह्या होत्या.
दोन उंदरांनी खाल्ल्या, एक सव्वीस जुलैच्या पाण्यात गेली,
उरलेल्यांत अर्ध्या नौपाड्याच्या कमरा आहेत.

चौबळ परवा आले. दुकानाला पायऱ्या तीनच,
तरी दुसरीवर थांबले,
बोर्ड वाचल्यासारखं केलं.
तीस वर्षांत बोर्ड बदललेला नाही.

म्हणाले, बगाडे, वही काढा.
डॉक्टर विचारतो, कधीपासून?
मला कुठे आठवतंय. तुमच्याकडे असेल.

होतं.
एक्क्याण्णव, डिसेंबर, लग्नाची सफारी: कंबर तीस.
तेव्हा वागळे इस्टेटला सायकलने जायचे,
मोहरीला क्लिप लावून.
चौऱ्याण्णव, बत्तीस. त्याच साली मुलगी झाली.
नव्व्याण्णव, चौतीस. स्कूटर.
दोन हजार चार, सदतीस; शेजारी माझ्याच अक्षरात
‘पट्टा पोटाखाली’.
मग ऐरोलीची नोकरी, कंपनीची बस,
रात्रीचं जेवण अकराला.
एकेचाळीस.
पुढे नवी पँट नाहीच.
नुसतं: उसवून अर्धा इंच. उसवून पाऊण. उसवून.

आम्ही शिवणीत जास्तीचं कापड सोडतो,
त्याला माया म्हणतात.
माणूस वाढणार हे धरूनच सोडतो.
बापाने शिकवलं होतं,
गिऱ्हाइकाला आपल्या आरशासमोर लाज वाटता कामा नये.
म्हणून मी आकडा कधी मोठ्याने उच्चारला नाही.
‘सुखवस्तू झालात’ म्हणालो दर दिवाळीला,
ते हसले,
आणि मी उसवलं.

चौबळांनी पिशवीतून रिपोर्ट काढला.
काळ्यावर राखाडी, धुकं पडल्यासारखं काहीतरी.
पंपिंग साठ टक्के.
म्हणजे उत्तमच की!
तसं नाही, म्हणाले. दाबतं बरोबर. सैल पडत नाही.
इतकी वर्षं एवढ्या अंगाला रक्त पुरवलं,
त्यात प्रेशर, त्यात साखर,
भिंत जाड झाली.
आता दोन ठोक्यांच्या मधे ते पुरतं उघडत नाही,
मागचं मागेच तुंबतं.
म्हणून दम. म्हणून हे.
मोजा खाली केला. घोट्यावर रबराचा वळ.
बोटाने दाबून दाखवलं,
खड्डा लवकर भरेना.

मला बकरम कळतं.
कॉलरच्या पोटात असतं, कितीही धुवा, वाकत नाही.
पण कॉलर ताठच हवी असते.

तिथे माया नव्हती का सोडलेली? मी विचारलं.
होती म्हणे.
तीस वर्षं पुरली.

मग उभे राहिले, हात जरा लांब धरून.
माप देताना माणसं पोट आत घेतात,
तेही घेत आले,
म्हणजे वहीतले सगळे आकडे इंचभर खोटे.
या वेळी घेतलं नाही.
एकोणचाळीस.
कचराळी तलावाला चार फेऱ्या, सहा महिने.
जेवण साडेसातला, भात वाटीने मोजून.
आतलं किती मागे फिरेल
ते डॉक्टरही सांगत नाही, म्हणाले,
पण निदान पुढे जायला नको.

पँट उलटी करून टेबलावर पसरली,
खडूची रेघ मारली आतल्या अंगाला.
जुन्या शिवणींच्या जागी सुईची भोकं,
तीन रांगा.
पाणी मारलं, इस्त्री फिरवली. दिसतातच.
घातल्यावर नाही दिसत, मी म्हणालो.
मला माहीत आहेत ना, ते म्हणाले.

जास्तीचं कापड कापू का?
बराच वेळ बोलले नाहीत.
मग: तुम्ही काय कराल?

कापलं नाही. उसवण्याइतकंही ठेवलं नाही,
दुमडून आत पक्की टीप मारली.
बरोबर केलं की चूक, कोण जाणे.

रात्री शटर अर्धं ओढून
टेप स्वतःभोवती घेतली.
चाळीस वर्षं एका स्टुलावर बसून शिवतोय,
एकाही वहीत माझं पान नाही.
श्वास सोडला.
आकडा वाचला, पेन्सिल शोधू लागलो.
कानावरच होती,
तरी शोधत राहिलो.